यंत्रावरचं लुगडं

सरजाबाईंच्या घरात उघडं काही राहत नाही. टीव्हीवर कापड, मिक्सरवर कापड, नवरा गेल्यापासून बंद असलेल्या शिलाई मशीनवर दोन कापडं. लातूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून घर असल्यावर एवढं करावंच लागतं. गच्चीवर घातलेले सांडगे दुपारपर्यंत करडे होतात.

नात दीपाली रात्रंदिवस खोकते. वस्तीनं शेजारच्या कारखान्याच्या धुराविरुद्ध अर्ज केला, त्यावर पहिली सही सरजाबाईंची. महिनाभर हवा मोजायची, आकडे स्वच्छ आले तर अर्ज बंद, असं ठरलं. मोजणीचं यंत्र त्यांच्याच गच्चीवर बसलं.

प्रयोगशाळेचा नागसेन आठवड्यातून दोनदा सकाळी येई. वजन केलेला पांढरा कागद आत घालून यंत्र सुरू करी, दुसऱ्या सकाळी कागद काढून नेई. कागदाचं वजन वाढेल तेवढी हवेतली धूळ.

तीन आठवडे कागद जवळपास पांढरेच निघाले.

"मावशी, तुमची हवा माहूरच्या डोंगरावानी हाय."

"मग पोरगी खोकती कशानं? हौसेनं?"

चौथ्या आठवड्यात नागसेन वही गच्चीवर विसरला, म्हणून दुपारी परत आला. यंत्र जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. चार पदरी, वरून सुतळी. आत ते कण्हत होतं.

"हे काय केलं, मावशी?"

"झाकलं. लई धूळ येती इथं. सरकारी वस्तू, खराब झाली तर माझ्यावर यायचं."

"मला तर कधी दिसलं न्हाई."

"तुम्ही यायच्या आधी काढून ठेवते. पाहुण्यापुढं असलं बोचकं बरं दिसतं का?"

नागसेननं सुतळी सोडली. लुगडं बाहेरून काळं होतं, आतून अजून हिरवं.

"मग हेच न्या मोजायला."

"आधीचं वजन?"

ते कुणाकडेच नव्हतं.

त्यानं वहीत सातही नमुने बाद केले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'यंत्र झाकलेले होते. मी पाहिले नाही.' खाली सही केली. महिना पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या मोजणीला सरजाबाई दिवसभर यंत्रासमोर बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. दुसऱ्या सकाळी कागद तव्याच्या बुडासारखा निघाला.

"झालं का मनासारखं?" नागसेननं विचारलं.

त्यांनी कागद नीट पाहिला. त्यानं यंत्र बंद करून तो लिफाफ्यात घातला, तेव्हा त्या खाली जाऊन धुतलेला रुमाल घेऊन आल्या.

"आता तरी झाकू?"

"आता झाका."