बाबांच्या खोलीतला स्पीकर

लातूरला नळ कोरडे पडले त्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. जिल्हा नवा झाला तेव्हा कारकून म्हणून इथं आलेला हा माणूस आता खाटेवरून हलत नव्हता. मी नांदेडच्या शाळेतून रजा काढून आले. येताना त्यांच्यासाठी ब्लूटूथ स्पीकर आणला. सकाळी बुद्धवंदना, दुपारी भीमगीतं लावायची. गाणी आईच्या फोनवर होती आणि तो स्वयंपाकघरात तिच्याजवळच असायचा. टँकरवाल्याचा फोन चुकला की पाणी चुकलं.

सुरुवातीला बरं चाललं. मग आवाज तुटायला लागला. एक ओळ यायची, पुढची गायब. बाबा डावा हात गादीवर आपटायचे.

"तुटून राहिलंय," एवढंच कसंबसं म्हणायचे.

मी वायफाय बंद केलं. शेजाऱ्यांना त्यांचा राऊटर बंद करायला लावला. फोन आणि स्पीकर नव्यानं जोडून पाहिले. फरक पडेना. मग ध्यानात आलं, टँकर येऊन गेला की आवाज तुटतो आणि पाणी संपत आलं की गाणी स्वच्छ ऐकू येतात. स्वयंपाकघर आणि बाबांची खोली यांच्या मधल्या बोळीत पाण्याचे ड्रम एकाला एक लावून ठेवले होते. भरलेलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेत होतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, पाणी ओतून देऊ?"

ड्रम ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी गाणी माझ्या फोनमध्ये घेतली आणि तो स्पीकरजवळच ठेवला. आवाज एकदाही तुटला नाही. बाबांनी थोडा वेळ ऐकलं, मग हात हलवला.

"बंद कर."

"का, बाबा?"

"टँकर आला तर... ऐकू येत न्हाई."

त्यानंतर स्पीकर बंदच राहिला. बाबा दिवसभर रस्त्याकडे कान लावून पडायचे. टँकरचा हॉर्न आमच्या आधी त्यांना ऐकू यायचा.

ते गेले त्या दुपारीही त्यांनीच दाराकडे बोट केलं. आई घागरी घेऊन पळाली. थोड्या वेळानं त्यांचा श्वास बदलला. मी दारातून हाक मारली, आई रांग सोडून धावत आली, तोवर सगळं संपलं होतं. ती त्यांच्या पायाशी बसली. बाहेर पाण्यावरून भांडण चाललं होतं. शेजारीण आली, आमच्या भरलेल्या घागरी उंबऱ्याच्या आत ठेवल्या आणि परत रांगेकडे गेली.