किती वेळा थांबले

"किती वेळा थांबले?"

नवं गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत घाम पुसत बसलेलं असे, आणि सुभेदार मान न वळवता मला मराठीत विचारत. मी टाइपरायटरवरची बोटं न उचलता सांगे, "दोनदा. दुसऱ्या मजल्यावर जास्त वेळ." मग ते नकाशा उघडत.

आमची कचेरी चौरंगीच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. हौशी श्रीमंतांना आफ्रिकेतली जनावरं दाखवायला पाठवायचं, हा आमचा धंदा. युद्धात तीन वर्षं आफ्रिकेत रसद सांभाळून, पुढे फोर्ट विल्यममधून ते निवृत्त झाले होते. साहेबापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना सुभेदार म्हणत. प्रत्येक गिऱ्हाइकाची सफर ते वेगळी आखत. कोणाला रोज किती चालवायचं, मुक्काम कुठे, पाणी किती लांब.

"माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही मी, बाई."

माप जिन्यावर घेतलं जाई. नवा माणूस आला की लिफ्टवाल्याने "लिफ्ट खराब है" म्हणायचं, असा सुभेदारांचा हुकूम होता. पायऱ्या सहासष्ट. माझं टेबल जिन्याच्या दाराशी, म्हणून कानाने मोजायचं काम माझ्याकडे. "माणूस तोंडाने दम लपवतो," ते म्हणत, "पायाने लपवता येत नाही."

मला हा निव्वळ पोरखेळ वाटे. तुम्हालाही वाटला असता.

वैशाखातल्या एका दुपारी मी जेवून परत येत होते. खाली एक साठीचे बंगाली गृहस्थ उभे होते. चहाच्या मळ्याचे मालक, कडक इस्त्रीचं धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. लिफ्टवाल्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मी म्हटलं, "खराब-बिराब कुछ नहीं, चलाओ." आणि त्यांना लिफ्टने वर आणलं.

"किती वेळा थांबले?" सुभेदारांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी म्हाताऱ्याला पुन्हा खाली पाठवलं असतं. माझी चार पत्रं टाइप करायची राहिली होती. मी म्हटलं, "एकदाही नाही."

सुभेदारांनी भुवया उंचावल्या आणि खुशीत नकाशा उघडला. टांगानिकाच्या दक्षिण भागात, रुफिजी नदीच्या खोऱ्यात, आठ दिवस पायी, रोज बारा मैल. तिथे एक माशी असते, तिच्या चाव्याने घोडे-खेचरं मरतात, म्हणून सामान हमालांच्या डोक्यावर आणि माणूस आपल्या पायांवर. डॉक्टर शेवटच्या ठाण्यावर. तिथून पुढे कोणी नाही. गृहस्थ नकाशावर वाकून लहान मुलासारखे हसत होते.

दीड महिन्याने, निघायच्या दिवशी, परवाने द्यायला मी दमदमच्या विमानतळावर गेले. कुंपणापाशी उभी राहून पाहत होते. ते विमानाच्या शिडीशी पोचले. चौथ्या पायरीवर थांबले. कठडा दोन्ही हातांनी धरला. सातवीवर थांबले. वर पोचल्यावर हवाईसुंदरीने त्यांचा दंड धरला आणि दार बंद झालं.

मी टॅक्सी करून कचेरीत आले आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "सुभेदार, त्या दिवशी मी खोटं सांगितलं. मी त्यांना लिफ्टने आणलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "आज किती वेळा?"

"विमानाच्या शिडीवर दोनदा. पायऱ्या दहा-बाराच."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मोजू लागले. "सहा दिवसांनी चालायला लागतील. वाटाड्या नदीवर तळ टाकून बसलाय. तारेला दोन दिवस, ठाण्यावरून तार घेऊन पायी जाणाऱ्याला तीन. हातात एक दिवस."

"वाटेत ते नैरोबीला उतरतील, तिथे त्यांनाच तार करू या?"

"जो दम लपवतो तो तारही खिशात घालेल, बाई. कागद लावा."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. चालणं रद्द. नदीच्या वळणावर एकच तळ. कोरडा मोसम आहे, जनावरं पाण्याला येतील; पाहुण्याला सावलीतून उठू देऊ नये. मग कागद घेऊन ते तारघराकडे निघाले, लिफ्टने. त्यांना लिफ्टमध्ये शिरताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

उलट तार आली नाही. सातव्या दिवशी सकाळी ते एवढंच म्हणाले, "आज निघाले असतील. किंवा नसतील." मी तीन कागद फुकट घालवले. दुपारी गृहस्थांच्या पत्नीचा बालीगंजहून फोन आला, काही खबर आहे का? "अजून नाही," मी म्हटलं, आणि रिसीव्हर ठेवला. सुभेदारांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पेन्सिलींना टोक करत बसले. सगळ्यांना टोकं झाली तेव्हा पुन्हा पहिलीपासून.

तेविसाव्या दिवशी पत्र आलं. चार पानं, सगळी तक्रारीची. आपल्याला आठ दिवस पंगूसारखं एका झाडाखाली खुर्चीत बसवलं. वाटाड्या उठूच देईना. हत्ती चाळीस पावलांवर येऊन पाणी पीत होते, पण हे असं पाहणं म्हणजे अपमान आहे.

सुभेदारांनी पत्र दोनदा वाचलं. "चिडलेत," ते म्हणाले. "चिडायला दम लागतो. छान."

त्यानंतर मी कधी खोटं मोजलं नाही.

सुभेदार स्वतः रोज जिन्याने येत, एका लयीत, न थांबता. ती पावलं ऐकून मी टाइपरायटरचं झाकण काढत असे. तीन वर्षांनी एका सकाळी ती पावलं पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली. मग आमच्या दारापासून पाच-सहा पायऱ्यांवर.

ते आत आले, टोपी खुंटीला अडकवली. माझ्याकडे न पाहता विचारलं, "किती वेळा?"

"तीनदा," मी म्हटलं.

"बरोबर मोजलंत." आणि त्यांनी राजीनामा लिहायला कागद मागितला.

दुसऱ्याच दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर एक स्टूल ठेवायला लावलं. राजीनाम्याच्या मुदतीचा महिनाभर ते त्याच्या शेजारी उभे राहून दम घेत. बसले एकदाही नाहीत.

साताऱ्याजवळच्या गावाहून त्यांचं एकच कार्ड आलं. "घरामागे ओढा आहे. बाभळीखाली खुर्ची टाकली आहे. संध्याकाळी म्हशी पाण्याला येतात. उठावं लागत नाही."

मी लगेच उत्तर टाकलं. पुढचं कार्ड त्यांच्या मुलाचं होतं.

स्टूल तिथेच आहे. नवं गिऱ्हाईक त्यावर बसलं, तर लिफ्टवाला मला येऊन सांगतो.