मागून घेतलेली बाजू

चीनच्या युद्धानंतरच्या हिवाळ्यात पुण्यातल्या प्रत्येक कट्ट्यावर एकच वाद चालू होता. तरुण मुलांना सक्तीनं सैन्यात घ्यावं की घेऊ नये? घ्यावं असं सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारे बहुतेक पेन्शनीत निघालेले होते. आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजात तेव्हा कवायत चालू झाली होती आणि खाकी पँटी कुणालाच नीट बसत नव्हत्या. अशात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आली आणि तिचा विषयही हाच निघाला.

प्रत्येक कॉलेजातून दोघं, एक विषयाच्या बाजूनं बोलणार आणि दुसरा विरुद्ध. आमच्या कॉलेजातून मी आणि माझा मित्र. तो शनिवार पेठेत आईबरोबर दोन खोल्यांत राहायचा. वडील तो लहान असतानाच गेलेले, आई शाळेत शिक्षिका. मराठीच्या सरांनी दोन चिठ्ठ्या केल्या. त्याला निघाली सक्तीची बाजू, मला विरोधाची.

मी चार दिवस मुद्दे काढले. चांगले निघाले, हे आज इतक्या वर्षांनीही सांगतो, कारण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचा फार अभिमान होता. पण जसजशी स्पर्धा जवळ आली तसतशी माझी तंतरली. त्या दिवसांत सक्तीच्या विरुद्ध बोलणं म्हणजे देशाच्या विरुद्ध बोलणं. टाळ्या सगळ्या दुसऱ्या बाजूला पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि मला टाळ्या हव्या होत्या. मी त्याला म्हटलं, "बाजू बदलू या का? माझा आवाज चढा आहे, सक्तीला शोभेल."

तो हसला. "टाळ्यांची हाव सुटलीय तुला," म्हणाला. "घे. मला काय, कुठूनही बोलायचंच आहे."

मी त्याला माझी वही दिली, त्यानं मला त्याची. सरांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

स्पर्धेला सभागृह खच्चून भरलं होतं. "ऐन तारुण्यातली दोनच वर्षं देश मागतो आहे," मी म्हणालो. "दोन वर्षं म्हणजे काय, आपण चहा पिण्यात घालवतो तेवढी!" वाक्यावाक्याला टाळ्या. मग तो उभा राहिला. लोकांनी पाय आपटले, कुणी शिट्टी मारली. तो न चिडता, सावकाश बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "सक्ती मुलावर होतच नाही. मुलगा जातो, गाणी म्हणत जातो. सक्ती होते ती त्याच्या आईवर." तेव्हा मात्र सभागृह गप्प झालं. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावलेला मला व्यासपीठावरून दिसला.

ते वाक्य माझ्या वहीतलं होतं.

करंडक आम्हाला मिळाला. आठवड्याभरात कॉलेजच्या पत्त्यावर त्याच्या नावानं एक पुडकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. त्यानं ते सगळ्यांसमोर फोडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. मुलं फिदीफिदी हसली. मीही हसलो. त्यानं पुडकं पुन्हा बांधलं. पुढं चालताना मला म्हणाला, "घरी कशा नेऊ? आई विचारील, आपल्या घरात या कुणासाठी आणल्या?" विधवेचं घर ते. मी त्या त्याच्याकडून घेतल्या आणि लकडी पुलावरून नदीत टाकल्या. तेव्हाच मी कॉलेजात जाऊन ओरडून सांगायला हवं होतं की ती बाजू माझी होती, बांगड्या भरायच्या तर मला भरा. मला ते सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. धीर झाला नाही.

परीक्षा संपताच त्यानं सैन्यात अधिकारी होण्यासाठी अर्ज केला. चीनच्या युद्धात पुकारलेली आणीबाणी अजून उठली नव्हती आणि तशी भरती जोरात चालू होती. त्याच्या आईनं मला घरी बोलावून विचारलं, "अरे, विरुद्ध बोलला तो आणि निघालाही तोच. हे काय आहे?" मी म्हटलं, "काकू, त्याचं मत बदललं असेल." मला मात्र कुणी विचारलं नाही की सक्तीचा एवढा पुरस्कार करणारा तू कधी जातोस. माझा चष्मा जाड होता, हे खरं. पण मी सैन्याच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायलाही गेलो नव्हतो, हेही तितकंच खरं.

मला बँकेत नोकरी लागली. दर रविवारी मी काकूंकडे जायचो. त्याची पत्रं त्या वाचून दाखवायच्या. दोन वर्षांनी सुटून यायचं आणि एम. ए. करायचं, असं तो सुरुवातीला लिहायचा. मग लिहू लागला की एवढ्यात सोडतील असं दिसत नाही. मग एका पत्रात आलं, "आणीबाणी उठेपर्यंत आम्हाला सुटका नाही, आणि ती कधी उठणार हे वरच्यांनाही ठाऊक नसावं. इथं कुणी तो विषय काढत नाही." काकूंनी पत्राची घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या भाषणात दोनच वर्षं होती, नाही का रे?"

पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तार आली. तो बावीस वर्षांचा होता.

कॉलेजनं शोकसभा घेतली. प्राचार्य म्हणाले की सक्तीला विरोध करणाऱ्या या तरुणाचं मतपरिवर्तन झालं आणि त्यानं स्वेच्छेनं प्राण दिले. त्यानंतर मित्र म्हणून मला बोलायला उठवलं. मी दहा मिनिटं बोललो आणि खरं एकही वाक्य बोललो नाही. आवाज चढा होता, तो कामाला आला.

पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली. काकू निवृत्त होऊन कर्वेनगरला एका सोसायटीत तळमजल्यावर राहायला गेल्या. रविवारचं जाणं महिन्याचं झालं, मग दिवाळी आणि संक्रांतीपुरतं उरलं. पण आतलं सलणं काही कमी झालं नाही. रात्री नाही, भर दुपारी बँकेत पासबुकं भरताना सलायचं.

कारगिलच्या लढाईच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात पुन्हा तेच सुरू झालं. वाचकांच्या पत्रांत रोज कुणीतरी लिहायचं, प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सक्तीनं पाठवा. दोनच वर्षं! एका सकाळी मी चहा तसाच टाकून उठलो आणि रिक्षानं थेट कर्वेनगर गाठलं.

काकू ऐंशीला आल्या होत्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. "आज कुठला सण?" त्यांनी दारातच विचारलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्या कशा निघाल्या, बाजू मी कशी मागून घेतली, बांगड्या आल्या त्या खरं तर कुणाच्या होत्या. शेवटी म्हटलं, "काकू, भाषणही त्याचं नव्हतं. मुद्दे माझे होते. ते आईचं वाक्यसुद्धा माझंच."

मला वाटलं होतं, त्या रागावतील. कदाचित रडतील आणि माफ करतील. मी माफीच घ्यायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तो गेला तेव्हा लोक म्हणायचे, आईचा विचार न करता गेला. मी मनात म्हणायची, नाही, त्यानं केला होता. भर सभेत, लोक पाय आपटत असताना, त्यानं माझ्यासाठी ते वाक्य म्हटलं होतं. त्या वाक्यावर मी दिवस काढले."

"पण ते म्हणताना त्याच्या मनात तुम्हीच..." असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"छत्तीस-सदतीस वर्षं गप्प बसलास," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "बसलाच होतास, तर मी जाईपर्यंत बसायचं होतंस."