गोळीचा कागद

डॉक्टर जमाल यांना राहीचा हेवा वाटत होता, आणि ही गोष्ट त्यांच्या दवाखान्याच्या भिंतींनाही ठाऊक होती. तीस वर्षं रत्नागिरीतल्या पोरांचे कान, नाक, घसे त्यांनी एकहाती सांभाळले. कुणी नाकात चिंचोका घातला, कुणाच्या घशात काटा अडकला, की आया जयगडहून, देवरूखहून मिळेल ती गाडी पकडून त्यांच्याकडेच यायच्या. आणि आता मारुती मंदिराजवळ राही, ही तिशीतली कान-नाक-घशाची सर्जन, पाटी लावून बसली होती. पाटीवर लिहिलेलं, ‘फक्त मुलांसाठी’. भिंतीवर मासे आणि खेकडे रंगवलेले.

“मासेच बघायचे तर मिरकरवाड्याच्या बंदरावर जा म्हणावं,” डॉक्टर म्हणायचे.

केसपेपर काढणाऱ्या गंगुबाई पंचवीस वर्षं त्यांच्याकडे होत्या, त्यामुळे त्यांच्या जिभेला लगाम नव्हता. “आज आपल्याकडे सात पेशंट झाली. तिच्या दारात चपला मावत नायत हां.”

“तुम्ही बघायला गेला होतात?”

“बाजारच्या वाटेवरच पडतो तिचा दवाखाना.”

डॉक्टर स्वतः दोन वळणं जास्त घेऊन रोज त्याच रस्त्याने घरी जात. गंगुबाईंना तेही माहीत होतं.

डॉक्टरांची कान तपासायची एक खास रीत होती. पोराच्या हातात कागदाची होडी द्यायची, ते रमलं की मागून जायचं आणि कानापासून हातभर लांब संत्रागोळीचा कागद चुरगळायचा. पोराने मान वळवली तर कान ठीक, आणि गोळी त्याची. राहीकडे यासाठी काचेची बंद खोली होती आणि मशीन होतं. “मशीनला सगळं गाव बहिरं दिसतं,” असं डॉक्टर चारचौघांत म्हणाले होते.

मग राहीने शाळेत तपासणीचं शिबिर घेतलं आणि डॉक्टरांची मुलगी नसीमा एक चिठ्ठी घेऊन आली. नसीमाचा नवरा दोह्यात नोकरीला, त्यामुळे ती आणि सहा वर्षांची झारा डॉक्टरांच्याच घरी राहत. चिठ्ठीत लिहिलं होतं, झाराला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. खाली राहीची सही.

डॉक्टरांच्या मस्तकात तिडीक गेली. “माझ्या घरात? माझ्या नातीला? हूड आहे ती, लक्ष देत नाही, एवढंच.”

“अब्बा, टीव्ही केवढ्याने लावते ती. तुम्हीच ओरडता तिला.”

राहीला खोटं पाडायचं या एकाच इराद्याने रविवारी दुपारी डॉक्टरांनी होडी केली. झारा पडवीत बसून ती रंगवू लागली. डॉक्टर मागे उभे राहिले आणि त्यांनी कागद चुरगळला. झारा होडीला लाल रंग देत राहिली. ते जवळ सरकले. दुसऱ्या कानाकडे गेले. पुन्हा चुरगळला. मग त्यांची सावली होडीवर पडली, तशी ती वळली आणि हसून म्हणाली, “नाना, गोळी!”

त्यांनी ती दिली. पण ती तिने जिंकलेली नव्हती.

हजारो पोरांच्या मागे उभा राहिलेला हा माणूस आपल्या नातीच्या मागे कधी उभा राहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आपल्या दवाखान्यात नेऊन बघितलं, तर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलेलं. डॉक्टरांना शरम वाटली, आणि खोटं कशाला बोला, शरमेखाली हेवाही तसाच होता. सापडायचं तर ते तिलाच का सापडावं?

तीन महिने औषधं झाली, पाणी हटलं नाही. पाणी निघून जायला पडद्यात बारीकशी नळी बसवायची, हे ऑपरेशन त्यांनी शेकड्यांनी केलं होतं. पण आपल्या रक्ताच्या माणसावर सुरी चालवायची नाही, हा सर्जनांचा रिवाज.

“मुंबईला नेऊ,” ते म्हणाले. तिथली तारीख दोन महिन्यांनंतरची मिळत होती.

गंगुबाईंनी केसपेपरचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “तुमच्या मानापायी पोरीनं आणि दोन महिने असंच काढायचं काय?”

दुसऱ्या दिवशी झाराला घेऊन डॉक्टर राहीच्या दवाखान्यात नंबर लावून बसले. रंगवलेल्या खेकड्याखाली, बाकावर.

राही बाहेर आली तेव्हा गोंधळली. “सर, तुम्ही इथे का बसलात? आत या ना.” झाराचे कान तपासून झाल्यावर ती म्हणाली, “नळी बसवू या. आणि ऑपरेशनच्या वेळी सोबत थांबा, मलाही बरं वाटेल.”

ऑपरेशनच्या दिवशी ते सोबत थांबले. तिच्या हातांकडे डोळे लावून ते चूक शोधत राहिले. पडद्याला चीर नेमकी तिथेच दिली गेली जिथे त्यांनी दिली असती, आणि त्यांच्यापेक्षा लहान. शोधूनही चूक सापडली नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

चार दिवसांनी दवाखान्यातून आल्यावर ते आतल्या खोलीत सदरा बदलत होते. खिशातली गोळी हाताला लागली, कागद जरासा वाजला.

“नाना, मला पण,” बाहेरून झाराचा आवाज आला.

डॉक्टर जागच्या जागी थांबले. त्यांनी कागद पुन्हा चुरगळला, अगदी हलका.

“ऐकलं मी,” झारा म्हणाली.

डॉक्टर खाटेवर बसले आणि रडले. पोरीचे कान उघडले होते, आणि राहीचं काम चोख झालंय हे त्यांना त्यांच्याच कागदाने सांगितलं होतं.