वाळू योग्य होती

माझ्या हाताला हात लागू नये म्हणून साहेबांनी पेनाच्या टोकानं माझं मनगट वर उचललं. समोर पुण्याहून आलेले पाहुणे.

"हे आमचं ओल मोजायचं मीटर. पाथर्डी मेक. बॅटरी लागत नाही, चहावर चालतं."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

अहिल्यानगरच्या एमआयडीसीतली फाउंड्री. गाड्यांचे ब्रेक ड्रम ओततात. ऊसतोड सोडून मी इथं वाळूचे साचे भरायला लागले. ठेकेदाराची माणूस, म्हणजे कुणाचीच नाही. वाळू मुठीत दाबायची. ढेकळावर बोटं उमटली आणि ते कट्कन मोडलं, तर बरी. तळव्याला चिकटली, तर ओली. ओल्या साच्यात लोखंडाचा रस पडला की पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की रस उसळतो. ओल मोजायचं यंत्र बिघडलं की साहेब मलाच बोलावत, आणि हाक मारत 'मीटर'. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्या दिवशी वाळू चिकटली. मी तळवा पुढे केला.

"साहेब, वाळू वली हाय. यात वतू नका."

"मीटर, माल आज जायचाय. साचा मिटव."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! वरचा अर्धा साचा खालच्यावर बसवून मी मिटवला. माझ्याच हातानं. काम जाईल या भीतीनं.

रस ओतायला नवनाथभाऊ होते, मिरजगावचे. त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि साहेबांकडे बघून मिटलं. ते म्हणाले, "आक्का, मागं सरा." मी सरले. रस पडला आणि साचा उसळला. उसळलेला रस त्यांच्या फाटक्या बुटात शिरला. ते "आई गं" म्हणून ओरडले, आणि मी नुसती उभी राहिले. काय करावं ते कळेना. पाय भाजत होता त्यांचा, आणि मी उभी.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. अपघाताच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही हवी होती. आमच्यातल्या दोघींनी आधीच केली होती. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांच्याही घरी पोरं आहेत.

"बाई, हे वाचायचं नसतं. सही करायची असते."

"वाचल्याबिगर न्हाई करायची."

बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं वाचलं. 'कामगाराने निष्काळजीपणे रस ओतला. वाळू योग्य होती.'

पेन खाली ठेवलं.

"ह्याच्यावर माझी सही व्हायची न्हाई."

"मग उद्यापासून यायचं नाही."

गेटवर माझा पास काढून घेतला. घरी येऊन मी ढसाढसा रडले. सही न करून भाऊंचा पाय थोडाच बरा होणार होता? दुसरं काम कुठं मिळणार, तेही ठाऊक नाही.

पण आज पोरीच्या वहीचं पान फाडलं. वाळू ओली होती. मी सांगितलं होतं. साहेबांनी ऐकलं नाही. साचा मी मिटवला आणि गप्प बसले. हे सगळं लिहिलं, माझा गुन्हा धरून. खाली पूर्ण नावानिशी सही केली. हा कागद उद्या दवाखान्यात भाऊंच्या बायकोच्या हातात देणार आहे. तिनं आधी माझ्याच थोबाडीत मारली, तरी देणार आहे.