पडण्यात पटाईत

वजनकाट्यावर पाय ठेवण्याआधी ती छातीतला सगळा श्वास बाहेर सोडायची. माझ्या क्लिनिकमधला काटा साधा, पेशंटच्या नोंदीपुरता. तरी त्याच्यापुढेही ती डोळे मिटून, गाल आत ओढून ‘हूऽऽ’ करायची आणि मगच चढायची.

“अगं, श्वासाला कुठे वजन असतं?” मी म्हणायचे.

“माहीत आहे, सेन्सेई. सवय.”

जपानीत डॉक्टरलाही सेन्सेई म्हणतात आणि शिकवणाऱ्यालाही. मी मूळची नाशिकची, दोह्याच्या मुशैरिब भागात फिजिओथेरपिस्ट. ती जपानची ज्युदो खेळाडू, इथल्या एका क्लबात मुलींना शिकवायला आलेली. आम्ही दोघी एकमेकींना सेन्सेईच म्हणायचो आणि रिसेप्शनवरची मुलगी हसून बेजार व्हायची.

तुम्ही तिला मॉलमध्ये पाहिलं असतं, तर कॉलेजातली समजला असता. कान दिसले असते तर मात्र थबकला असता. मॅटवर घासून घासून ते चुरगळलेल्या कणकेसारखे झाले होते.

अठ्ठेचाळीस किलोंच्या गटात ती तारुण्यभर खेळली. तिच्या देशात त्या गटात एकीहून एक सरस मुली, आणि मोठ्या स्पर्धेला जाणार एकच. ही कायम दुसरी. मग निवडलेल्या मुलीला सराव द्यायला हिला सोबत नेत. तिनं डाव टाकायचा, हिनं पडायचं.

“पडण्यात मी पटाईत,” दुखावलेला उजवा खांदा माझ्या हाती देऊन ती सांगायची. तक्रारीचा सूर नसायचा. दिवसभराचं काम उरकलेल्या बाईसारखा आवाज.

गेल्या हिवाळ्यात दोह्यात मोठी स्पर्धा भरली. जपानच्या संघातल्या एका मुलीची सरावाची जोडीदार ऐनवेळी तापानं आडवी झाली. प्रशिक्षकांनी हिला फोन केला.

“नाही म्हणून सांग,” मी बजावलं. “हा खांदा आता आपटून घ्यायचा नाही.”

“डाव्या बाजूला पडेन, सेन्सेई.”

मला राहवेना, मीही गेले. सरावाच्या हॉलमध्ये ती विशीतली मुलगी हिला उचलून आपटत होती. प्रत्येक वेळी ही उठायची, जॅकेट सारखं करायची आणि पुन्हा समोर उभी राहायची. चौथ्या-पाचव्यांदा मी नजर वळवली. मुलगी त्या दिवशी पदक जिंकली. फोटोसाठी सगळे जमले, तेव्हा ही कडेला तिची चप्पल हातात धरून उभी होती.

परतताना गाडीत मी विचारलं, “तुला राग नाही येत?”

“यायचा. आता रागावायलाही ताकद लागते.” मग म्हणाली, “ती जिंकल्यावर मला खरंच आनंद झाला. आपल्याला आनंद झाला, म्हणजे आपलं खेळणं संपलं, हे तिथेच कळलं.” आणि क्लबातल्या मुलींकडून उचललेला अरबी शब्द हळूच बोलली, “खलास.”

त्यानंतर तिनं स्पर्धेसाठीचा सराव सोडला. क्लबचा करार संपल्यावर गावी परतायचं ठरवलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची आली. खांद्यावर शेक ठेवून मी पाठीचे स्नायू मोकळे करत होते. काहीतरी विचारायचं म्हणून वाकून पाहिलं. तोंड किंचित उघडं, एक हात टेबलाखाली लोंबकळलेला, ती गाढ झोपली होती.

बाहेर पुढचे पेशंट आले होते. मी दिवा मालवला, तिच्या अंगावर चादर घातली आणि त्यांना दुसऱ्या खोलीत घेऊन गेले.