सरासरी शून्य

मुरुडहून एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या, तेव्हा या धंद्यात मला दोनच वर्षं झाली होती. लातूरच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली होती. तिथे बसून मी म्युच्युअल फंड विकायचो. बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. निवृत्तीच्या पैशातले दहा लाख वाढवायचे आणि गावातल्या बुद्धविहाराशेजारी मुलींसाठी अभ्यासिका बांधायची, असं त्यांच्या मनात होतं.

मी फंडाचा कागद पुढे सरकवला आणि सरासरी परताव्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. बाईंनी तो वाचला. मग म्हणाल्या, "बँकेतल्या फलकावर एका वर्षाच्या ठेवीला जास्त व्याज हाय, पाच वर्षांच्या ठेवीला कमी. जास्त दिवस पैसा अडकवायचा अन् व्याज कमी, हे उलटं कसं?"

प्रश्न नेमका होता. एरवी मुदत वाढते तसं व्याज वाढतं. कागदावर काढलं तर रेघ वर चढते. ती खाली वळली, तर मोठमोठ्या पैसेवाल्यांना पुढचे दिवस मंदीचे वाटत असण्याचा संभव असतो. फंड विकायच्या परवान्याच्या परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. पण सांगितलं असतं तर बाई विचारात पडल्या असत्या. मी म्हणालो, "बँकांचं तसंच असतं बाई. तिकडं लक्ष देऊ नका."

त्यांनी सही केली.

पहिल्या वर्षी पैसे चाळीस टक्क्यांनी वाढले. बाई पेढे घेऊन आल्या. दुसऱ्या वर्षी चाळीस टक्क्यांनी पडले. तेव्हा त्या आल्या त्या हातात नुसता कागद घेऊन.

"चाळीस वर, चाळीस खाली. सरासरी शून्य," त्या म्हणाल्या. "मग दहा लाख जागेवर पाहिजेत. आठ लाख चाळीस हजारच कसे?"

मी सांगितलं, दहाचे चौदा झाले होते. घट बसली ती चौदावर, दहावर नाही. पैशात वर्षांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. बाईंनी कागदाच्या पाठीमागे आकडेमोड केली. पुन्हा एकदा केली. मग पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का?"

ठाऊक होतं. मी मान हलवली, नाही म्हणून.

बाई कागदाची घडी करून उठल्या. उरलेले पैसे काढून त्यांनी बँकेत ठेवले आणि काही महिन्यांनी नांदेडला लेकीकडे राहायला गेल्या. त्यानंतर 'सरासरी' हा शब्द तोंडातून निघाला की मी वाक्य तिथंच सोडायचो. समोर कुणीही असो, पेन खाली ठेवल्याचा तेवढासा आवाज मला ऐकू यायचा. जिन्यावर चपला वाजल्या की मी दाराकडे बघायचो.

शेवटी एका रविवारी मी नांदेडची बस धरली. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं होतं. जिना चढून बेल वाजवली, दार लेकीने उघडलं. बाई दिवाळीनंतर वारल्या होत्या.

मी कोण ते कळल्यावर तिने आत बोलावलं, फाईल आणून पुढे ठेवली. "आईचे पैसे आता माझ्या नावावर आलेत. तुम्हीच सांगा कुठं लावायचे. आई म्हणायची, त्या पोराला बिचाऱ्याला ठाऊकच न्हवतं, त्याला बोल लावू नका."

मी फाईलला हात लावला नाही. सगळं सांगितलं, व्याजाच्या उलट्या रेघेचं, गुणाकाराचं आणि त्या दिवशी हलवलेल्या मानेचं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग फाईल उचलून मांडीवर घेतली.

"बरं झालं, हे आईच्या कानावर गेलं न्हाई," ती म्हणाली.

पैसे बँकेतच राहू द्या, एवढं मी कसंबसं बोललो. ती दारापर्यंत सोडायला आली. मी पूर्ण जिना उतरेपर्यंत वरचं दार लागल्याचा आवाज आला नाही. मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.